आगीनंतरचा शेजार : लंडन, १६६६

सर्वस्वाची राखरांगोळी झाली असे आपण सहज म्हणतो. या शब्दामागे एक जळलेले घर उभे आहे, याची आठवण मात्र बोलताना राहत नाही. पूर ओसरला म्हणजे चिखलात का होईना, भिंती सापडतात. चोराने घर धुऊन नेले तरी छप्पर शिल्लक असते. आग मात्र धान्य, कपडालत्ता, अंथरूण-पांघरूण, हत्यारे, दस्तऐवज आणि वाडवडिलांच्या खुणा एका रात्रीत नाहीशा करते. सायंकाळी चार पाहुण्यांना जेवू घालण्याची ऐपत असलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावरच्या वस्त्रानिशी रस्त्यात उभा असतो. अशा वेळी त्याची दृष्टी प्रथम जिकडे वळते, ते दार शेजाऱ्याचे असते.

आग पेटलेली असताना शेजारी धावून येतो, यात नवल नाही. ठिणगी त्याच्याही छपरावर पडणार असते आणि त्याने ओतलेल्या प्रत्येक घागरीत त्याचा स्वतःचा बचाव असतो. आग विझल्यानंतर स्थिती बदलते. शेजाऱ्याचे घर वाचलेले असते, भय सरलेले असते आणि समोर एक उघडे पडलेले कुटुंब असते. त्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्या क्षणी सुरू होतो. हा प्रश्न मानवी समाजाने निरनिराळ्या काळी कसा सोडविला, याचा विचार करताना १६६६ साली लंडन शहरात लागलेल्या महाआगीकडे आम्ही पुनःपुन्हा वळतो. त्या एका आगीत शेजारधर्माची सगळीच रूपे, उजळ तशीच काळवंडलेलीही, एकत्र पाहावयास मिळतात.

जुने ऋणानुबंध

लंडनकडे जाण्यापूर्वी थोडे मागे पाहणे उचित ठरेल. जळीतग्रस्ताला मदत करणे ही केवळ मनाच्या चांगुलपणाची बाब नसून ते एक बंधन आहे, ही कल्पना युरोपात फार जुनी आहे. इ. स. ७७९ मध्ये शार्लमेन राजाने हेर्स्टाल येथे जे आदेश काढले, त्यांत शपथा घेऊन संघ स्थापण्यास लोकांना मनाई केली होती. अशा संघांतून राजद्रोह उद्भवेल, ही त्याची भीती होती. परंतु दानधर्म, आग आणि जहाजफुटी या कारणांसाठी लोकांनी आपसांत करार करण्यास हरकत नाही, अशी सवलतही त्याच आदेशात आहे. फक्त त्यासाठी शपथ घ्यावयाची नाही. यावरून, जळलेल्या घरासाठी एकत्र येण्याची पद्धत त्या काळी इतकी रुळलेली होती की संशयी राजालाही ती मोडवली नाही, असे अनुमान निघते.

आइसलंड बेटावर हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत उतरली. तेथील प्रजासत्ताकाच्या काळातील कायद्यांच्या संग्रहाला ‘ग्रागास’ म्हणतात. त्यात ‘ह्रेप्प’ या ग्रामघटकाची तरतूद आहे. किमान वीस शेतकरी कुटुंबांचा मिळून एक ह्रेप्प होई. एखाद्याचे घर जळाले तर शेजाऱ्यांनी पाहणी करून नुकसान ठरवावे आणि त्याचा निम्मा भाग सर्वांनी मिळून भरून द्यावा, असा नियम होता. ही भरपाई घरातील तीन खोल्यांपुरती असे : बैठकीची खोली, चुलीची खोली आणि अन्नधान्याचे कोठार. घराला लागून प्रार्थनामंदिर असल्यास तेही हिशेबात धरीत. एका शेजाऱ्यावर किती भार पडावा, याला मर्यादा होती आणि एकाच घरमालकाला तीन वेळांपेक्षा अधिक भरपाई मिळत नसे. शेजाऱ्याचे दुःख वाटून घ्यावयाचे, पण त्याच्या निष्काळजीपणाचे ओझे जन्मभर वाहावयाचे नाही, असा हा व्यवहारी समतोल होता.

जर्मनीच्या उत्तर भागात पुढे ‘अग्निसंघ’ निर्माण झाले. हॅम्बुर्ग शहरात १५९१ साली सुमारे शंभर मद्यनिर्मात्यांनी करार केला की आपल्यापैकी कोणाची भट्टी जळाली तर प्रत्येकाने त्याला दहा थेलर द्यावेत. असे अनेक करार हळूहळू त्या शहरात झाले आणि १६७६ साली ते एकत्र करून नगरसभेने एकच सार्वजनिक अग्निनिधी स्थापन केला. विमा या संस्थेच्या मुळाशी असे शेजाऱ्यांचे करार आहेत.

चार दिवसांची आग

रविवार, दिनांक २ सप्टेंबर १६६६. (इंग्लंडची त्या वेळची दिनदर्शिका युरोपातील इतर बहुतेक देशांपेक्षा दहा दिवस मागे होती.) मध्यरात्र उलटल्यावर पुडिंग लेन या गल्लीतील थॉमस फॅरिनर या भटाऱ्याच्या दुकानात आग लागली. राजाच्या नौदलाला कडक बिस्किटे पुरविण्याचे काम हा फॅरिनर करीत असे. कुटुंबातील माणसे वरच्या खिडकीतून शेजारच्या छपरावर जाऊन वाचली. घरातील मोलकरणीला मात्र ते धाडस झाले नाही. ती या आगीचा पहिला बळी ठरली आणि तिचे नाव इतिहासाने नीट जपून ठेवले नाही.

तो उन्हाळा कोरडा गेला होता, घरे लाकडाची आणि एकमेकांना खेटून होती, वारा पूर्वेचा व जोराचा होता. शहराचा महापौर टॉमस ब्लडवर्थ याने आजूबाजूची घरे पाडण्याचा निर्णय वेळेवर घेतला नाही. पुढील चार दिवसांत १३,२०० घरे, ८७ धर्मग्रामांची चर्च आणि सेंट पॉलचे भव्य कॅथीड्रल भस्मसात झाले. तटबंदीच्या आतील बहुतेक शहर संपले. मृतांची अधिकृत नोंद अगदी मोजकी आहे. बेघर झालेल्यांचा आकडा सत्तर ते ऐंशी हजारांच्या घरात जातो.

या दिवसांचे जे चित्र आपल्यापुढे आहे, ते मुख्यतः दोन रोजनिशींमुळे. एक नौदलातील अधिकारी सॅम्युअल पेपीस याची आणि दुसरी जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाची. पेपीसने आपले सामान मध्यरात्रीनंतर गाडीत घालून शहराबाहेर बेथनल ग्रीन येथे एका स्नेह्याच्या घरी नेले. त्या घराच्या खोल्या इतरांनी आणून टाकलेल्या सामानाने आधीच भरल्या होत्या आणि घरमालक येईल त्याचे ठेवून घेत होता. हे शेजारधर्माचे एक रूप. दुसरे रूपही पेपीसनेच टिपले आहे. त्याच्या गल्लीत राहणाऱ्या स्टार्लिंग नावाच्या नगरप्रतिनिधीचे घर नौदलाच्या माणसांनी जिवाची पर्वा न करता वाचविले. हा गृहस्थ अतिशय श्रीमंत, मूलबाळ नसलेला. त्याने तीस जणांत मिळून अडीच शिलिंग वाटले आणि वाटेतील कचरा दूर करणाऱ्यांवर, तुम्ही चोरी करावयास आला आहात, असा आरोप केला.

गाडीवाल्यांनी काही शिलिंगांचे भाडे कित्येक पौंडांवर नेले. जी घरे जळण्यातून वाचली, त्यांच्या मालकांनीही संधी साधली. वर्षाला चाळीस पौंडांनी जाणारे एक घर दीडशे पौंडांनी गेल्याची नोंद पेपीसने आग विझल्यानंतर दोनच दिवसांनी केली आहे. आपत्ती माणसाला उदार करते असे म्हणतात ते खरे आहे, पण सर्वांनाच करते असे मात्र नाही.

उघड्यावरचे शहर

शहराच्या उत्तरेला मूरफील्ड्स नावाचे मैदान होते. तेथे, तसेच इस्लिंग्टन आणि हायगेटच्या बाजूच्या शेतांत हजारो कुटुंबे उतरली. कोणी तंबूत, कोणी फाटक्या कापडाच्या आडोशाला, कोणी नुसत्या आकाशाखाली. एव्हलिन तेथे फिरून आला. उपाशी, निराधार स्थितीतही या लोकांपैकी कोणी एका पेनीसाठी हात पसरला नाही, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले. ते भिक्षेकरी नव्हते. दुकानदार, कारागीर, गृहिणी अशी ती माणसे होती. मागणे त्यांना ठाऊक नव्हते. घर जळालेल्या माणसाला मदत करताना हा संकोच ओळखणे, हेच सर्वात कठीण असते.

दुसरा चार्ल्स राजा याने त्या प्रसंगी काही आदेश काढले. शहराच्या कडेला नवे बाजार भरवावेत आणि तेथे रोज अन्न आणावे, असे त्यांत फर्माविले होते. चर्च, शाळा आणि इतर सार्वजनिक जागा लोकांचे सामान ठेवण्यासाठी खुल्या कराव्यात, हाही हुकूम होता. नौदलाच्या कोठारांतून मूरफील्ड्सला कडक बिस्किटे पाठविण्यात आली. शहरी लोकांना त्यांची सवय नव्हती, त्यामुळे ती फारशी खाल्ली गेली नाहीत.

याहून महत्त्वाचा आदेश आमच्या मते निराळाच होता. देशातील कोणत्याही शहराने वा गावाने या निराश्रितांना कसलीही हरकत न घेता सामावून घ्यावे आणि त्यांना आपापला हातव्यवसाय मोकळेपणाने करू द्यावा, असे राजाने सांगितले. यातील दुसरा भाग नीट पाहण्यासारखा आहे. १६६२ च्या कायद्यान्वये, आपल्या गावावर भार होईल असा नवखा माणूस आल्यास त्याला मूळ धर्मग्रामात परत धाडण्याचा अधिकार गावांना मिळाला होता. कारागिरांचे संघही बाहेरच्या माणसाला धंदा करू देत नसत. म्हणजे एरवी लंडनचा शिंपी किंवा चांभार दुसऱ्या गावी गेला असता, तर त्याला तेथे भाकरीही मिळाली नसती आणि कामही. राजाच्या आदेशाने त्याला काम करण्याचा हक्क मिळाला. एक वेळचे जेवण देणारे पुष्कळ असतात. आपल्या बाजारात दुसऱ्याला दुकान मांडू देणारा शेजारी विरळा.

पावाचा तुकडा

या कथेची एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंग्लंडचे त्या वेळी डच आणि फ्रेंच यांच्याशी युद्ध चालू होते. आग पसरू लागताच, ती परकीयांनी व कॅथलिकांनी मुद्दाम लावली, अशी आवई उठली. रस्त्यात दिसेल त्या परदेशी माणसाला जमाव मारू लागला. बुधवारी रात्री मूरफील्ड्सच्या मैदानात, पन्नास हजार फ्रेंच व डच सैनिक चाल करून येत आहेत, अशी अफवा पसरली आणि घर गमावलेली माणसे हाती लागेल ते घेऊन परकीयांच्या शोधात धावली.

त्या वेळचा मंत्री क्लॅरेंडन याने आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग नोंदविला आहे. पोर्तुगालच्या वकिलाच्या एका नोकराला जमावाने पकडले. त्याने खिशातून आगीचा गोळा काढून एका घरात टाकला आणि ते घर लगेच पेटले, अशी साक्ष एकाने शपथेवर दिली. सुदैवाने एक उमराव तेथे आला आणि त्याने चौकशी केली. नोकराने सांगितले : रस्त्यात पावाचा एक तुकडा पडलेला दिसला, तो उचलून मी जवळच्या घरातील फळीवर ठेवला, आमच्या देशात राजा जरी चालत असला, तरी पडलेला पाव उचलून नीट जागी ठेवल्याशिवाय तो पुढे जात नाही. मंडळी त्या ठिकाणी गेली. पावाचा तुकडा फळीवर होता. पेटलेले घर तेथून दोन दारे पलीकडचे होते. तरीही जमावापासून वाचविण्यासाठी त्या निरपराध माणसाला कोठडीत ठेवावे लागले.

हा प्रसंग आपल्या वाचकांना निराळ्या रीतीने भिडेल, असे आम्हांस वाटते. पडलेला भाकरीचा तुकडा पायाखाली येऊ नये म्हणून उचलून, कपाळाला लावून कडेला ठेवणारी आजी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. शिवाय त्या काळचा धागा आपल्या भूमीशीही जोडलेला आहे. चार्ल्सची राणी कॅथरीन ही पोर्तुगालची राजकन्या आणि कॅथलिक. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे आले आणि १६६५ साली त्याचा प्रत्यक्ष ताबा इंग्रजांनी घेतला. लंडनमध्ये तो पोर्तुगीज नोकर मार खात होता, तेव्हा मुंबईची सत्ता बदलून जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि वसईवर पोर्तुगीजांचा ध्वज होता. अन्नाविषयीचा जो आदर आपल्याकडे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांनाच उपजत समजला असता, तो त्या रस्त्यात गुन्ह्याचा पुरावा ठरला. शेजाऱ्याची रीत ठाऊक नसली की भयभीत माणूस तिच्यात कट पाहतो.

याच दिवसांत उलट उदाहरणेही घडली. राजाचा भाऊ, ड्यूक ऑफ यॉर्क, घोडेस्वार घेऊन फिरत होता आणि जमावाच्या तावडीतून परकीयांना सोडवीत होता. स्पेनच्या वकिलाने आपल्या वाड्याचे दार भयभीत परदेशीयांसाठी उघडले आणि आत येणारा प्रोटेस्टंट की कॅथलिक, हे विचारले नाही. गुरुवारी राजा स्वतः मूरफील्ड्सला गेला आणि या आगीमागे कसलाही कट नाही, असे त्याने लोकांना सांगितले.

तरीही एक बळी गेलाच. रोबेर ह्यूबेर नावाचा एक फ्रेंच घड्याळजी पुढे आला आणि आपणच फॅरिनरच्या खिडकीतून आगीचा गोळा टाकला, असे त्याने सांगितले. त्या भटारखान्याला तशी खिडकीच नव्हती. त्याचे बोलणे वारंवार बदलत होते आणि त्याचे मन ठिकाणावर नसल्याचे न्यायाधीशांनाही दिसत होते. तो अपराधी आहे असे उपस्थितांपैकी कोणालाच वाटले नाही, असे क्लॅरेंडन लिहितो. पण कबुली होती आणि फॅरिनर कुटुंबीयांनी आरोपपत्रावर सह्या केल्या होत्या. ऑक्टोबर १६६६ च्या अखेरीस ह्यूबेरला फाशी देण्यात आले. ज्या जहाजातून तो आला, त्याच्या कप्तानाने पुढे सांगितले की आग लागल्यानंतर दोन दिवसांनी ह्यूबेर लंडनच्या किनाऱ्यावर उतरला होता.

आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या २०२ फूट उंच स्तंभावर १६८१ मध्ये, ही आग कॅथलिकांच्या दुष्टाव्याने लागली, अशा अर्थाचा मजकूर कोरण्यात आला. कॅथलिक राजा गादीवर आला तेव्हा तो खोडला गेला, १६८९ मध्ये पुन्हा कोरला गेला. इंग्लंडमधील कॅथलिकांना १८२९ साली नागरी हक्क मिळाल्यानंतर १८३० मध्ये तो कायमचा काढला गेला. दीडशे वर्षांच्या आसपास एका असत्याने दगडात वस्ती केली होती. भटाऱ्यांच्या संघाने १९८६ साली पुडिंग लेनमध्ये एक पाटी बसवून आगीची जबाबदारी आपल्या व्यवसायबंधूची होती हे मान्य केले, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवणे योग्य होईल.

वेदीपुढील आवाहन

जळीतग्रस्तांसाठी पैसा कसा उभा राहत असे? मध्ययुगात पोप आणि महागुरू अशा प्रसंगी पत्रे देत आणि मदत करणाऱ्यांना दंडविमोचनाचे वरदान जाहीर होई. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर हे काम राजाच्या पत्राकडे आले. या पत्राला ‘ब्रीफ’ म्हणत. अमुक गावात आग लागली, इतकी घरे गेली, तरी सर्वांनी यथाशक्ती द्यावे, असे आवाहन रविवारच्या उपासनेत वाचून दाखवीत आणि मंडळीकडून वर्गणी घेत. डेव्हन परगण्यातील टिव्हर्टन गाव १५९८, १६१२ आणि १७३१ असे तीन वेळा जळाले. अशा गावांची नावे दूरदूरच्या लोकांना चर्चमधील या आवाहनांतूनच माहीत होत. कधीही न पाहिलेल्या गावातील माणूस आपला शेजारी आहे, हे शिकविणारी ती एक शाळा होती.

पण शाळेलाही दोष जडतात. आवाहनांची संख्या इतकी वाढली की, दर रविवारी काही ना काही असतेच, तेव्हा यापुढे देणार नाही, असा निश्चय पेपीसने १६६१ सालीच रोजनिशीत लिहून ठेवला. पुढे वर्गणी गोळा करण्याचे काम ठेक्याने दिले जाऊ लागले आणि ठेकेदारांनी त्यात आपला वाटा काढला. १७०५ च्या कायद्याने या गैरप्रकारांना आळा घालण्याचा प्रयत्न झाला. छपाई, शुल्क आणि वसुली यांतच बरीचशी रक्कम जाऊ लागल्यामुळे अखेर १८२८ साली ही पद्धतच रद्द झाली.

लंडनच्या आगीसाठी १० ऑक्टोबर १६६६ हा दिवस देशभर उपवास आणि प्रार्थनेचा म्हणून पाळला गेला व चर्चमधून वर्गणी जमविण्यात आली. एकूण १२,७९४ पौंड जमले. नुकसानीचा त्या वेळचा अंदाज सुमारे एक कोटी पौंडांचा होता. जमलेली रक्कम जळालेल्या घरांवर वाटली, तर प्रत्येक घराच्या वाट्याला एक पौंडही येत नाही. आयर्लंडमधून हजारो गुरे देऊ करण्यात आली. परंतु त्याच वेळी आयरिश गुरांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक इंग्लंडच्या संसदेपुढे होते. त्यामुळे ही देणगी म्हणजे बंदी चुकविण्याची युक्ती आहे, असा संशय काही सभासदांनी घेतला. देणाऱ्याविषयी मन शुद्ध नसेल तर दानही घेता येत नाही, याचे हे उदाहरण आहे.

तोटा कोणी सोसावा?

दयेने जे झाले नाही, ते न्यायाने झाले. आमच्या मते लंडनच्या पुनर्वसनातील हे सर्वात मोलाचे प्रकरण असून सामान्य इतिहासग्रंथांत ते दोन ओळींत आटोपते.

लंडनमधील बहुसंख्य लोक भाडेपट्ट्याने राहत. पट्ट्यांत अशी अट असे की घराची दुरुस्ती भाडेकरूने करावी आणि मुदत संपेपर्यंत भाडे द्यावे. घर जळाले तरी अट जळत नव्हती. म्हणजे ज्याचे सामान, दुकान आणि धंदा गेला, त्यानेच स्वखर्चाने मालकाचे घर पुन्हा बांधावयाचे आणि राखेच्या ढिगाचे भाडेही भरावयाचे. कायद्याचा काटेकोर अर्थ लावला असता तर हजारो कुटुंबे कर्जाच्या तुरुंगात गेली असती आणि शहर कधीच उभे राहिले नसते.

फेब्रुवारी १६६७ मध्ये संसदेने या तंट्यांसाठी खास अग्निन्यायालय स्थापन केले. त्याच महिन्याच्या अखेरीस क्लिफर्ड्स इन येथे त्याचे काम सुरू झाले. देशाचे वरिष्ठ न्यायाधीश, मॅथ्यू हेल यांच्यासारखे थोर कायदेपंडित, त्यात बसले. तीन न्यायाधीश पुरेसे असत. नेहमीच्या कोर्टाचा लांबलचक क्रम बाजूला ठेवून दोन्ही पक्षांचे म्हणणे समोरासमोर ऐकावयाचे आणि निकाल द्यावयाचा, अशी रीत होती. या कामासाठी न्यायाधीशांनी वेतन घेतले नाही. करारात काय लिहिले आहे यापेक्षा कोणाची किती ऐपत आहे आणि कोण बांधावयास तयार आहे, याला त्यांनी महत्त्व दिले. भाडेकरू बांधणार असेल तर त्याचे भाडे कमी करावयाचे आणि पट्ट्याची मुदत वाढवावयाची. मालक बांधणार असेल तर भाडेकरूला मोकळे करावयाचे. दोघांनी मिळून तोटा सोसावा, हे तत्त्व शेकडो निकालांतून दिसते. आइसलंडच्या शेतकऱ्यांनी निम्म्या भरपाईचा जो नियम केला होता, त्याचीच ही नागर आवृत्ती म्हणावी लागेल.

कृतज्ञ नगरीने या बावीस न्यायाधीशांची चित्रे जॉन मायकेल राइट या चित्रकाराकडून काढवून घेऊन आपल्या नगरभवनात लावली. सेनापतींची आणि राजांची चित्रे सर्वत्र असतात. घरभाड्याचे तंटे सोडविणाऱ्यांचा असा सन्मान क्वचितच झाला असेल.

त्याच वेळी संमत झालेल्या पुनर्रचनेच्या कायद्याने विटांची व दगडांची घरे बांधणे सक्तीचे केले, सार्वजनिक कामांसाठी कोळशावर कर बसविला आणि बाहेरगावच्या गवंडी-सुतारांना शहरात काम करण्याची मोकळीक दिली. सात वर्षे काम करणाऱ्या कारागिराला आयुष्यभर तेथे धंदा करण्याचा अधिकार मिळे. अशा रीतीने लंडन उभे राहिले. मात्र नवी घरे सुमारे नऊ हजारच झाली. जे गेले, त्यांतील पुष्कळ परत आलेच नाहीत.

दोन हातांची खूण

या अनुभवातून विम्याचा व्यवसाय इंग्लंडमध्ये रुजला. निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने १६८० च्या सुमारास अग्निविम्याची कचेरी काढली. विटांच्या घराला कमी आणि लाकडाच्या घराला दुप्पट हप्ता असे. १६९६ साली स्थापन झालेल्या एका संस्थेत विमा उतरविणारे हेच सभासद होते आणि एकाचा तोटा सगळ्यांनी वाटून घ्यावयाचा होता. तिचे नाव ‘हँड-इन-हँड’ आणि तिची खूण होती एकमेकांत गुंफलेले दोन हात. सभासदांच्या घरांवर ही खूण धातूच्या पत्र्यावर लावलेली असे.

विम्यामुळे मोठा लाभ झाला, यात शंका नाही. जळीतग्रस्ताला कोणापुढे पदर पसरावा लागत नाही. मिळते ते हक्काने मिळते. एव्हलिनने पाहिलेला तो संकोच विम्याने दूर केला. परंतु विमा त्यालाच तारतो, ज्याच्याजवळ हप्त्याचे पैसे होते. शिवाय हप्ता भरणारा ज्याच्यासाठी भरतो त्याला ओळखत नाही. शेजाऱ्याचे घर जळाले, त्याला पैसे मिळतीलच, असे म्हणून आपले दार लावून घेण्याची सोयही त्यातून झाली.

मुंबईने हा धडा १९४४ साली अनुभविला. १४ एप्रिल रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील दारूगोळ्याचे लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजावर कापसाच्या गासड्याही होत्या. जळता कापूस गोदीलगतच्या वस्त्यांवर पडला आणि आगी भडकल्या. शेकडो लोक मेले, हजारो कुटुंबे निराधार झाली. आग विझविताना ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. येथेही पहिली समजूत झाली ती शत्रूने हल्ला केल्याची. हा युद्धकाळातील स्फोट होता. नेहमीच्या अग्निविम्यातून त्याचे नुकसान भरून येणे अशक्य होते, म्हणून भरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी वटहुकूम काढावा लागला. कागदावरचे करार जेथे संपतात, तेथे समाजाला पुढे यावे लागते, हे लंडनप्रमाणेच मुंबईतही दिसले.

आपल्यासाठी

या साऱ्या इतिहासातून काय घ्यावे? आम्हांस तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मदत लवकर व्हावी आणि मागावी लागू नये. घर जळालेला माणूस बहुधा मागत नाही. तेव्हा जाऊन पाहणे हे शेजाऱ्याचे काम. दुसरी, पहिल्या दिवसाचे अन्नवस्त्र हा मदतीचा आरंभ आहे. भाडे, कर्ज, कागदपत्रे आणि रोजगार यांचे प्रश्न महिनोन्महिने चालतात आणि तोवर लोकांचा उत्साह मावळलेला असतो. अग्निन्यायालयाने जे कित्येक वर्षे बसून केले, ते आपल्या धर्मग्रामांतील मंडळांना, पतसंस्थांना आणि वकील मंडळींना लहान प्रमाणावर करता येण्यासारखे आहे : हप्त्यांना मुदत मिळवून देणे, नव्या दाखल्यांसाठी कचेरीत सोबत जाणे, मुलांची शाळा सुटू न देणे.

तिसरी गोष्ट सांगावयास कठीण आणि पाळावयास त्याहून कठीण. आग लागल्यावर कोणी लावली, हे विचारण्यापूर्वी कोण जळाले, हे विचारावे. चौकशी व्हावीच, पण ती शांत डोक्याने आणि पुराव्याने व्हावी. आपल्या समाजाने इतिहासात संशयाचे चटके सोसले आहेत. लंडनच्या स्तंभावरील तो मजकूर आपल्याच धर्मबांधवांविषयी होता. ज्यांच्यावर खोटा आळ आला, त्यांच्या वारसांनी दुसऱ्या कोणावर तसा आळ घेताना अधिकच संकोचले पाहिजे. शेजारी कोण, या जुन्या प्रश्नाला प्रभू येशूने एका परक्या, तुच्छ मानलेल्या शोमरोनी माणसाची कथा सांगून उत्तर दिले. लंडनच्या गल्लीत पावाचा तुकडा उचलून फळीवर ठेवणारा तो पोर्तुगीज नोकर त्या शोमरोन्याच्याच जातकुळीतला होता. सारे शहर जळत असताना कोणा अनोळखी घराच्या अन्नाला पाय लागू नये, एवढी काळजी त्याने घेतली होती.